एकवीस दिवसांत रक्त साफ

८ ऑगस्ट १९७८, मंगळवार
सरकारी पत्र आलं. क्लार्कच्या जागेवर निवड. फक्त मेडिकल बाकी, ३० ऑगस्ट, सकाळी दहा.
बापानं पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तीस वर्षं हातमागावर लुगडी विणून त्याची पाठ वाकली आहे. म्हणे, आता पोळ्याले माग उतरवतो, उमरेडचा एक माणूस न्यायले तयार आहे. आमच्या अख्ख्या टिमकी मोहल्ल्याले सांगून आला.
मले एकच टेन्शन. दर श्रावणात मले सर्दी, खोकला, ताप, याच क्रमानं. डॉक्टरसमोर खोकललो तं गेली नोकरी. रक्तात विष आहे, दुसरं काही नाही.
उद्यापासून शुद्धी. महाल भागातल्या कृष्णकांतजी निसर्गोपचारवाल्यांचं बत्तीस पानाचं पुस्तक आणलं. विष गेलं की प्रतिकारशक्ती आपोआप वाढते. कोर्स एकवीस दिवसांचा. मेडिकललेबी बरोबर एकवीस दिवस. हा योगायोग नाही.

९ ऑगस्ट, पहाटे ५.३०
एनिमा. डबा खुंटीले टांगला. जास्त लिहीत नाही. शेजाऱ्याकडची मधली भिंत बुटकी आहे हे आधी पाहाले पाहिजे होतं.

तीच तारीख, दुपार
मीठ, तेल, तिखट, धान्य बंद. लवकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा, रस तीनदा. पोटावर काळ्या मातीची पट्टी. पुस्तकात संत्र्याचा रस लिहिला आहे. ऑगस्टात अख्ख्या नागपुरात एक संत्रं नाही. कायचं संत्र्याचं शहर म्हणता मग.
माय म्हणे, कोष्ट्याच्या पोराले तर्रीशिवाय रक्त कुठून येईन गा. समोर बसून मटणाच्या रश्श्यात भाकर चुरून राहिली होती. मुद्दाम.

१२ ऑगस्ट, शनिवार
स्टेशनवरच्या मशीनवर वजन केलं. बावन्नचं पन्नास. कार्डाच्या मागं भविष्य छापून येते: "तुमचा निश्चय पाहून शत्रू थक्क होतील." मशीनले समजते, घरच्यायले समजत नाही.

१५ ऑगस्ट, मंगळवार
शाळेतल्या झेंडावंदनाले चक्कर आली. चंद्रभाननं धरलं. हा भिंतीपलीकडचा शेजारी. बी.ए.ले दोनदा नापास, पण बांबू-कागदाचे पुतळे बनवण्यात हुशार समजते स्वतःले. म्हणे, बाबूलाल, मीठ खा बे, नाही तं झेंड्यासंगं तुलेबी दोरीनं बांधा लागते. गुरुजीबी हसले.
पान १४: चक्कर म्हणजे डोक्यातलं विष निघून राहिलं. चंद्रभानले कधीच चक्कर येत नाही. आतच आहे सगळं.

१९ ऑगस्ट, शनिवार
सर्दी. पाठीवर फोड, अन् एक बसायच्या जागी. कृष्णकांतजींकडे गेलो. त्यांनी फोड पाहून माझं अभिनंदन केलं. याले उभार म्हणतात म्हणे, रोग आधी वर येते, मग जाते. ते स्वतःच इतके खोकलून राहिले होते की वाक्य चार तुकड्यांत ऐकलं. त्यांचा उभार जुना असन.
वजन सत्तेचाळीस. कार्ड: "मानाचं आसन मिळेल." सध्या कोणत्याच आसनावर बसवत नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार
मागच्या वस्तीत हैजाच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, दोन केस निघाल्या, म्हणून इंजेक्शनवाले आले. अख्खी गल्ली रांगेत. मेंढरं. मी ओट्यावर उभा राहून दहा मिनिटं बोललो. आपल्या रक्तात आपले सैनिक आहेत, त्यायले बाहेरची मदत लागत नाही, असं. पॉइंट चांगले होते.
नर्सबाईनं सुई भरता भरता विचारलं, भाऊ, तुमच्या सैनिकायनं शेवटचं जेवण कधी केलं?
लोकायनं किती हसावं. पुष्पलता, माझी सख्खी बहीण, तिनं माझ्याकडे पाहत पाहत हात पुढं केला. बापानंबी टोचून घेतलं. मी नाही घेतलं.
संध्याकाळी बाप म्हणे, तीस तारखेले मले फिट लिहिलेला एक कागद दे. बाकी तू लवकी खा का वीट खा.

२४ ऑगस्ट, गुरुवार
मायनं रसात मीठ टाकलं. चिमूटभर, पण मी ओळखलं. पंधरा दिवसांची मेहनत गेली. पेला फेकला. म्हणजे तसा फेकला नाही, हातातून जोरात सुटला. पितळेचा होता, फुटला नाही, म्हणून यात विशेष काही झालं असं म्हणता येत नाही.
मायनं जमीन पुसली. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तं मले उत्तर देता आलं असतं. उत्तर तयार होतं.
वजन पंचेचाळीस. कार्ड वाचलं नाही, खिशात पावसानं लगदा झाला.

२६ ऑगस्ट, शनिवार, सकाळ ७
पहाटेपासून सहा वेळा. एनिमाचा डबा काढायचीबी गरज पडली नाही. शरीर आता स्वतःच काम करून राहिलं. पुस्तकात हे इतक्या लवकर होईन असं लिहिलेलं नाही. मी कोर्सच्या पुढं आहो.

दुपार
चौदा वेळा. उलटीबी. निघून राहिलं ते तांदळाच्या धुवणासारखं, म्हणजे आत मळ उरलाच नाही. माय रडून राहिली. तिले समजावलं की हा विजय आहे. नीट बोलता आलं नाही, जीभ चिकटून राहिली.

संध्याकाळ
पायाले गोळे. चंद्रभान सायकल-रिक्षा घेऊन आला. मी नाही म्हटलं. त्यानं मले पोत्यासारखं उचललं. म्हणे, पोतं जड असते बे. याचा हिशेब मी

२८ ऑगस्ट, सोमवार, दवाखाना
हैजा. सलाइनच्या नऊ बाटल्या. डॉक्टरले विचारलं यात काय असते. म्हणे, मीठ अन् पाणी.
सरळ रक्तात. मले न विचारता. घरच्यायनं वीस दिवसांचं मीठ दोन दिवसांत वसूल केलं.
गल्लीत आजारी पडलेला मी एकटा. डॉक्टर म्हणे, इंजेक्शन नाही अन् पोटात अन्न नाही, मग लढन कोण? म्हटलं विष गेलं की ताकद येते. म्हणे, विष काढायले लिव्हर अन् किडनी जन्मापासून बिनपगारी कामावर आहेत, तुम्ही त्यायचा डबा बंद केला. उद्धट माणूस. डिग्री भिंतीवर वाकडी टांगली होती.
बाप दोन दिवसांपासून बाकावर बसून आहे. माग बंद. मले म्हणे, परवा उभं राहता येईन का?
कृष्णकांतजींना निरोप पाठवला होता. ते अमरावतीले मुलीकडे टायफॉइडनं पडून आहेत. त्या पातळीचा उभार मले अजून झेपणार नाही.

३० ऑगस्ट, बुधवार
मेडिकल झालं. पहिले हे लिहितो: एकदाबी खोकललो नाही. ज्यासाठी शुद्धी केली ते शंभर टक्के साधलं.
वजन बेचाळीस. त्यायच्या कागदावर कमीत कमी पंचेचाळीस लिहिलं होतं. पंचेचाळीस कोणी ठरवलं, कशावरून ठरवलं, विचारलं. छाती मोजणारा म्हणे, फुगवा. म्हटलं, फुगवलेलीच आहे.
अनफिट. वेटिंग लिस्टवरचं नाव पुकारलं. तो पोट्टा आलूबोंडा चावत चावत आत गेला. ओठाले तेल. असल्या माणसाच्या हाती देशाच्या फाइली.
बाप बाहेर धुतलेलं धोतर नेसून उभा होता. त्याले इंग्रजी येत नाही. पण शिक्का लाल होता.
घरी येईपर्यंत तो दोन पावलं पुढं चालला. मीच बोललो, सिस्टिमविषयी.

२ सप्टेंबर, शनिवार, पोळा
उमरेडचा माणूस माग न्यायले टेम्पो घेऊन आला. बापानं त्याले चहा पाजला अन् रिकामा टेम्पो परत पाठवला.
माझ्यावर कोणी रागावून नाही राहिलं. याचा मले भयंकर राग येऊन राहिला. मायनं पुरणपोळी वाढली. मी पान सरकवलं. तिनं झाकून ठेवलं.
चंद्रभान मागच्या अंगणात मारबतीसाठी बडग्या बांधून राहिला. दरवर्षी बांधते. वर्षभरात लोकायले जे जे नडलं, त्याचा पुतळा करून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीसंगं, म्हणजे रोगराई नेणाऱ्या बाईच्या मोठ्या पुतळ्यासंगं, फिरवतात अन् जाळतात. मागच्या वर्षी रॉकेलच्या टंचाईचा केला होता. यंदा काय, विचारलं. तं पोट्ट्यायनं चादर आडवी धरली.

३ सप्टेंबर, रविवार
चादर काढली. बडग्याच्या गळ्यात एनिमाचा डबा. एका हातात लवकी, दुसऱ्या हातात माझंच बत्तीस पानाचं पुस्तक. पोटावर माती थापलेली. नाक माझं. नाक चंद्रभानले बरोबर जमलं, हे मान्य करतो.
मी दारात उभा होतो. बदनामीची केस होऊ शकते का, विचार करून राहिलो होतो. गर्दी ओरडून राहिली, रोगराई घेऊन जा गे मारबत, खासी खोकला घेऊन जा गे मारबत. बाबूलालचा डबा घेऊन जा गे मारबत, हेबी.
तेवढ्यात माय गर्दीतून पुढं गेली. तिले वाटलं ती हळू बोलून राहिली. बडग्याले हात जोडून म्हणे, माह्या पोराचा येडेपणा, भैताडी घेऊन जा गे मारबत. पण पोरगं ठेवजो.
कोणी हसलं नाही. मले वाटलं होतं हसतीन.
मग पोट्टे बडग्या उचलून नेऊन राहिले. चार जण लागले. चंद्रभानले विचारलं, वजन किती? म्हणे, ओला बांबू, तणस, माती, साठ किलो तरी असन. माझ्याकडे पाहिलं अन् खांदा द्यायले पळाला.
बडग्या पास झाला असता.

दुपार
कालची पुरणपोळी खाल्ली. शिळी होती, अन्न वाया जाऊ नये म्हणून. मग रस्सा. मग परत रस्सा. नाक वाहिलं. पुस्तकाच्या हिशेबानं हाबी उभारच, पण पुस्तक चंद्रभाननं बडग्यासंगं जाळलं.
आतून मागाची खटखट ऐकू येऊन राहिली होती. मग थांबली. बापानं हाक मारली. म्हणे, धागे तुटून राहिले, मले दिसत नाही आता, जोडून दे.
म्हटलं, मी बी.ए. आहो.
म्हणे, चालते. हलक्या हाताचं काम आहे, वजन लागत नाही.
बसलो.