या खेपेचा फोन कुणाचा

४ सप्टेंबर, गुरुवार
मोबाइल कंपनीचा मेसेज: कॉन्ट्रॅक्ट संपत आला, नवा फोन निवडा. कामावरून येऊन चपला काढते न काढते तोच वसईहून पीटरचा मेसेज. "ताई, या खेपेला रोहनसाठी घे. काळा, मोठ्या स्टोरेजचा. सील फोडू नको, इथे गॅरंटीला त्रास होतो."

माझ्या सख्ख्या भावाला माझ्या कॉन्ट्रॅक्टची तारीख माझ्याआधी पाठ. आईची प्रेशरची गोळी कधी संपते ते विचारा, बायकोला हाक मारतो.

बहरीनला आल्यापासून एक नवा फोन मी वापरला असेल तर शपथ. कॉन्ट्रॅक्ट माझा, बिल माझ्या पगारातून, आणि बॉक्स सीलबंद कुणाच्या तरी बॅगेतून गावाला. पहिला पीटरला. मग त्याच्या बायकोला, जेसीला. मग 'आईसाठी' म्हणून जो गेला तो त्यांच्या रोहनच्या खिशात, आणि आईच्या हातात जेसीचा जुना. माझ्याकडे सेराने टाकून दिलेला. लेकीचं उतरलेलं आईने वापरायचं, ही पद्धत आमच्याच घरात.

५ सप्टेंबर, शुक्रवार
मिस्सेनंतर चर्चच्या आवारात चहा घेत होतो. अँथनीने चार लोकांसमोर जाहीर केलं, फिलूचा नवा फोन आला की जोसेफच्या बॅगेतून वसईला जाणार. जोसेफ त्याच्या तुबलीच्या गॅरेजमधला, महिनाअखेर सुट्टीवर चाललाय. मला कुणी विचारलं? आयजीच्या जिवावर बायजी उदार. वर लोक म्हणतात, नवरा सासरचं किती बघतो.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल. तिचे कान जाऊन बरीच वर्षं झाली. मशीन शिट्टी मारतं म्हणून ते कपाटात. पण समोरच्याच्या ओठांवरून तिला सगळं कळतं, पहिल्या बाकावर बसून फादरचं अख्खं प्रवचन समजायचं. घरी येऊन चुका पण काढायची.

आज विचारलं, गुडघा कसा आहे? म्हणाली, "हो हो, पाठव." विचारलं, जेवलीस? "बरं झालं गो बाय, छान." आणि हसत राहिली.

मागून पीटरचा आवाज. "बघितलंस? असंच चाललंय. डोकं गेलंय तिचं."

फोन ठेवला आणि उगाच सेरावर ओरडले, खोली आवर म्हणून.

८ सप्टेंबर, सोमवार
पीटरचा व्हॉइस मेसेज, दुपारच्या ब्रेकमध्ये ऐकला. सिस्टरांचं म्हाताऱ्यांसाठी होम आहे ना, तिथे आईचं नाव घातलंय. जागा होतेय. "घरी दिवसभर कोण नसतं, तिला काही समजत नाही, तू तिथे, आम्ही कामावर." हे सगळं एका दमात. आणि शेवटी, "फोनचं काय झालं?"

एकाच मेसेजमध्ये. आईला होममध्ये टाकायचं आणि फोन पाठवायचा. जिभेला हाड नाही म्हणतात ते हेच.

हॉस्पिटलच्या रजिस्ट्रेशन काउंटरवर आज तीन माणसांचे नंबर चुकीचे टाकले. शेजारच्या खुर्चीवरची फातिमा म्हणाली, खलास, बस झालं, तू घरी जा.

११ सप्टेंबर, गुरुवार
मॉलमध्ये गेले, नुसतं बघून येऊ म्हणून. दुकानातला मुलगा केरळचा, हिंदीत चालू. "मॅडम, ये लो, झूम देखो, चाँद का फोटो आता है." मी म्हटलं मला चंद्राशी काय करायचंय? मग घडीचा दाखवला. मग एक ज्याच्यावर पेनाने लिहिता येतं. फुकट इअरफोन, फुकट कव्हर, आणि सही मारा की पुढची दोन वर्षं तुम्ही त्यांचे. आवळा देऊन कोहळा काढतात मेले.

"किस के लिए चाहिए?" त्याने विचारलं. मी निघून आले.

आल्यावर पीटरने नवीन सूर लावला. म्हणे आईला तुझा चेहरा नीट दिसत नाही, तिच्यासाठीच नवा फोन पाठव, मोठ्या स्क्रीनचा. आठवड्यापूर्वी रोहनचा होता तो आज आईचा झाला. आईच्या नावावर गेल्या वेळचा कुठे आहे, विचारलं. त्याने नुसता अंगठा पाठवला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

मी भात लावत होते, आईचा कॉल सेराच्या फोनवर आला, चुकून लागला असेल. सेराने घेतला. तिचं मराठी म्हणजे आनंद, आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. पण आजीशी नाइलाज. "आजी, तू काय जेवला?" असं काहीतरी. मी कान देऊन उभी.

आई म्हणाली, "तू जेवला नाही गो, जेवलीस. मी बांगडा खाल्ला. तुझी परीक्षा कधी?"

सेराने सांगितलं. आई म्हणाली, "मग केस कशाला मोकळे सोडलेस, अभ्यासाला बस." सेरा हसली, आई हसली. दहा मिनिटं बोलल्या दोघी. एक उत्तर चुकलं नाही.

मी पळत माझा फोन आणला आणि त्याच्यावरून लावला. गुडघ्याचं विचारलं. "हो हो," आई म्हणाली.

सेरा माझ्या खांद्यावरून बघत होती. "ममा, युअर कॅमेरा इज फिनिश्ड. तुझं तोंडच दिसत नाही. इट्स लाइक फॉग." तिच्या हातून पडला होता तेव्हाच समोरची काच आतून धुरकट झाली होती. मी कधी बघितलं नाही, कारण मी आईला बघते, स्वतःला कुठे बघते?

परत सेराच्या फोनवरून लावला. आईला विचारलं, माझं बोलणं कळत नव्हतं तर सांगितलं का नाहीस?

"तू धुक्यात बसल्यासारखी दिसतेस बाय. ओठ कुठे, हनुवटी कुठे. नाही कळलं म्हटलं की तू ओरडतेस, दमतेस. म्हणून मी हो म्हणते."

आणि घरात? पीटर तर समोर असतो.

"तो असतो गो समोर. पण मान खाली. जेसीची पण खाली, पोराची पण खाली. मला नुसते भांग दिसतात. डोक्याकडे बघून काय कळणार?"

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग राग आला, तो अजून उतरलेला नाही. त्या तिघांच्या हातात जे आहे ते सगळं माझ्या कॉन्ट्रॅक्टवरचं. आईचं डोकं गेलं म्हणे. घरात एकीचंच डोकं वर आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार
पीटरला फोन केला. सरळ सांगितलं, आईला वेड लागलेलं नाही, तुम्ही तिच्याकडे बघून बोलत नाही. होमचं रद्द कर.

"कॅमेरावाला नवीन फोन तुला पाहिजे तर तसं सांग ना. आईला कशाला मध्ये आणतेस?"

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. त्याने पण सोडलं नाही. म्हणाला, वर्षातून पंधरा दिवस येतेस, चॉकलेट वाटतेस आणि जातेस. कुकरची शिट्टी तिला ऐकू येत नाही, दोनदा तळ जळून घरात धूर झाला, शेजारी धावले. तेव्हा तू कुठे होतीस? मान वर करून बोललो म्हणून तिला शिट्टी ऐकू येणार आहे?

कुकरचं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं खरं आहे, आणि तरी त्याचं तोंड बघायची इच्छा नाही.

म्हणाला, बावीस तारखेला, सोमवारी होमची गाडी येणार. ठरलंय.

१६ सप्टेंबर, मंगळवार
अँथनी मऊ माणूस, तेच त्याचं चुकतं. "वाद कशाला वाढवतेस? हा त्याला पाठव, तुला मी पगारावर एक घेतो, साधा." का रे बाबा? साधा मला आणि चांगला त्याला, हे कोणत्या बायबलात लिहिलंय? त्याने जोसेफला शब्द दिलाय, त्याचीच जास्त काळजी. जोसेफने म्हणे बॅगेत जागा ठेवलीय. मग भरू दे त्या जागेत खजूर.

रात्री जेवताना त्याचाही फोन ताटाशेजारी. मी उचलून फ्रीजवर ठेवला. सेराने न सांगता स्वतःचा ठेवला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
सेराला घेऊन दुकानात. तोच मुलगा. मी म्हटलं मागचा कॅमेरा दाखवू नको. पुढचा दाखव, आणि लाइट कमी कर. त्याला वाटलं मला सेल्फीचं वेड आहे, या वयात.

आम्ही एकेका फोनवर माझा व्हिडिओ काढला, आवाज बंद करून सेराला दाखवला. ती ओठ बघून ओळखणार. सगळ्यात महागाच्या फोनने मला पंचविशीची करून टाकलं. सुरकुती नाही, आणि ओठसुद्धा लोण्यासारखे सपाट. सेरा म्हणाली, "नथिंग. तू सुंदर दिसतेस पण काय बोलतेस माहीत नाही." ते ब्यूटी की काय बंद करायला सांगितलं तर मुलगा सेटिंगमध्ये हरवला. "मॅडम, सब लोग तो यही माँगते हैं."

मधल्या किमतीचा एक निघाला, जाड, दिसायला काही खास नाही. त्यात मी बोलले आणि सेराने लगेच सांगितलं, "कपडे आत घे, पाऊस येतोय." बरोबर. बहरीनमध्ये पाऊस, पण तोंडात तेच आलं.

तोच घेतला. दोन वर्षांची सही केली. मुलगा सवयीने म्हणाला, "पॅक ही रखूँ ना? इंडिया भेजना है?" मी त्याच्या हातातून बॉक्स घेतला आणि तिथेच काउंटरवर सील फाडलं. नखाने निघेना म्हणून दाताने फाडलं. सेरा म्हणाली, "ममा, पीपल आर वॉचिंग." बघू देत.

घरी अँथनीने फाटलेलं सील बघितलं. मग म्हणाला, "जोसेफला सांगतो." बस.

२० सप्टेंबर, शनिवार
सुट्टी. दुपारी खिडकीजवळ बसून नव्या फोनवरून आईला लावला.

त्या दिवशी सेराच्या फोनवर घाईत बोललो होतो, आज ती आधी बघतच राहिली. "केस किती पिकले गो तुझे. आणि हे डोळ्याखाली काय? झोपत नाहीस?" मी म्हटलं ड्यूटी असते. "खोटं. ड्यूटी मला पण ठाऊक आहे." एवढ्या दिवसांचं सगळं तिने एका कॉलमध्ये बघून घेतलं. गुडघ्याचं विचारलं तर गुडघ्याचंच सांगितलं, पायरी चढताना दुखतो म्हणून. मला एवढं बरं वाटलं की मी सेराला हाक मारली.

मग मी विषय काढला. आई, तुला तिथे जायचं नसेल तर पीटरला मी बघते. तू नाही म्हण.

म्हणाली, "होममधल्या सिस्टर आल्या होत्या परवा. माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, तोंडाकडे तोंड करून बोलल्या. सगळं कळलं मला. किती दिवसांनी कुणी असं बोललं."

मी फोन दुसऱ्या हातात घेतला.

"पण घर माझं आहे. तुझ्या बाबांनी बांधलेलं. मला काय जायची हौस नाही. तू येणार असशील तर मी नाही म्हणून सांगते. तू नसशील तर इथे कुणाची डोकी बघत बसू? येतेस तू? कायमची?"

सेराची दहावी. अँथनीचा व्हिसा. माझी नोकरी. कालची सही. हे सगळं एकदम डोक्यात आलं आणि त्यातलं एकही आईला सांगण्यासारखं नव्हतं.

मी म्हटलं, "बघते."

ती स्क्रीनच्या जवळ सरकली. "बघते म्हणालीस ना?"

हो.

"कळलं. आता अगदी चांगलं दिसतं गो," म्हणाली, आणि हसली. मग म्हणाली भाजी लावलीय, गॅस बघायला जाते, आणि कॉल तिनेच बंद केला.

परवा गाडी येणार. सुपरवायझरला रजेसाठी मेसेज लिहून ठेवलाय. पंधरा दिवस लिहिलं, खोडलं, तारीख रिकामी ठेवली. अजून पाठवलेला नाही.