ब्रेकचा पाय

४ नोव्हें., मंगळ.
या सीझनपासून रग्बीत स्क्रमची धडक बंद! सरांनी प्रॅक्टिसला सांगितलं. आधी वाकायचं, मग एकमेकींना धरायचं, मधलीनं एक पाय पुढं रोवायचा. सर त्याला ब्रेकचा पाय म्हणतात. भार त्या पायावर, मानेवर न्हाय. रेफरीचं 'सेट' ऐकू आल्यावरच आत जायचं. त्याआधी डोकं समोरचीच्या खांद्यावर टेकलं की शिट्टी.
म्हणजे माझं दुकानच बंद. तालमीतनं आलेली मी, कुस्तीत हात मिळवला की पहिलं डोकं भिडतं. तेच इथं आणलं. बॉलसाठी रेटायला तिघी आमच्या, तिघी त्यांच्या, मधे मी, आणि रेड्यासारखी धडक. निम्मा स्क्रम तिथंच खिशात. आता काय फुगडी घालायची?
येताना उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकले. सगळ्या वाटेनं सरांना शिव्या.

६ नोव्हें., गुरु.
डोकं आपोआप जातंय. सर ओरडून ओरडून दमले.
जेवताना एकदम सुचलं. शबाना! स्क्रमात माझ्या उजव्या हाताला उभी राहणारी, आमची प्रॉप. गेल्या सीझनला धडकेत तिची मान अशी आखडली की पट्टा लागला, आणि तिच्या अम्मीनं तिचा खेळ बंद केला. तेव्हापासून उजवी बाजू मोकळीच वाटते, कुणीही उभं राहू दे. धडकच नसली तर अम्मी...
फोन केला. पोरगी रडायलाच लागली. "ताई, तुमीच बोला अम्मीशी. माझं कुठं ऐकती ती!"

९ नोव्हें., रवि.
शबानाच्या घरी. अम्मी शिलाई मशीनवर. "चाय पी. ते खेळाचं तेवढं काढू नको."
चहा संपला आणि काढलंच. नवा नियम सगळा सांगितला.
"तोंडानं काय सांगतीस? करून दाव."
अंगणात मी आणि शबाना समोरासमोर. वाकलो, धरलं, पाय रोवला. आणि 'सेट' म्हणायच्या आधीच माझं डोकं गेलं की तिच्या खांद्यावर! मेली सवय.
अम्मी मशीन सोडून उठली. "हेच नवीन व्हय? माझ्या पोरीची मान तुझ्या सवयीवर सोडू?"
कानशिलं तापली. खरंच होतं ते. शबाना तर खाली मान घालून उभी. निघावं म्हणून चपला शोधायला लागले.
"कुठं चाललीस? परत दाव."
परत, परत, परत. शेवटी अम्मी स्वतः माझ्या कपाळाला तळहात लावून उभी राहिली. डोकं गेलं की मागं ढकलायची. हाताला मशीनच्या तेलाचा वास. कधी तरी एकदाचं थांबलं डोकं.
"प्रॅक्टिसला जाऊ दे. रविवारी मॅच मी बघणार. मग ठरवीन."

१३ नोव्हें., गुरु.
शबाना आली!! पोरींनी उचलूनच घेतली. सर म्हणे, आधी खाली ठेवा तिला.
माझं मात्र रडगाणं. डोकं आता आधी सुटत न्हाय हे खरं, पण जोर कुठनं काढायचा? प्रत्येक स्क्रमला मागं सरकले. भीती वाटते. धडक गेल्यावर माझ्यात काय उरलं?
शबाना: "घाई का करताय? मी हाय न्हवं."

१६ नोव्हें., रवि.
कळंब्याकडं मॅच, सांगलीच्या पोरींशी. अम्मी खुर्ची टाकून अगदी कडेला.
पहिला स्क्रम गेला. दुसरा आमच्या गोल लाइनीजवळ. वाकलो, तर समोरची हसून म्हणते, "काय पैलवान, धार गेली?"
डोकं भडकलं. पाय सुटायलाच आलता. तेवढ्यात शबानाची मूठ माझ्या जर्सीत आवळली. "ताई, पाय."
रोवला. थांबले. 'सेट'. धडक न्हाय, आवाज न्हाय, नुसता भार. हळूहळू सांगलीच्या मागं सरकायला लागल्या आणि बॉल आमच्याकडं. देवा शप्पथ, असा स्क्रम जन्मात लावला न्हवता. शबाना मान ताठ ठेवून खिदळत होती.
मॅच हरलो. असू दे.
अम्मीकडं पळत गेले. ती उभीच होती, खुर्ची मागं पडलेली. "अम्मी, कसं वाटलं?" तिनं माझ्या कपाळावरचा चिखल पदरानं पुसला.
आमच्या जर्स्या मॅचनंतर एका पोत्यात जातात, एकत्रच धुतो. शबानानं तिची पोत्यात टाकली. अम्मीनं काढून घेतली. "ही मी धुणार." आणि दोघी रिक्षात बसल्या.
आता मंगळवारी प्रॅक्टिस. जर्सी शबानाच्या अंगावर येती का घडी घालून परत येती, काय माहीत.