ताणलेली टेप

बाबा,

नळ्या आत्ताच यंत्रात लावल्या. निकालाला दीड तास आहे, तेवढ्यात लिहिते. जेवण वेळेवर होतं, काळजी नसावी.

मोठ्या यंत्राने हजारो जनुकं एकदम मोजली, तेव्हा पेशींना दिलेल्या औषधाने एक जनुक तिप्पट वाढलेलं दिसलं. एवढ्या मोजणीत काही आकडे फसवे निघतात, म्हणून ते वेगळं मोजून पडताळणं माझं काम. न बदलणाऱ्या एका जनुकाशी ताडून मी मोजलं. तिप्पटच आलं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी आमचा तीन वर्षांच्या कामाचा लेख छापायला पाठवला.

काल इथले जुने तंत्रज्ञ, ज्यांना आम्ही मास्तर म्हणतो, हसत म्हणाले, "अगं, तुझ्या न बदलणाऱ्यालाच औषध चढत नाही ना?" ते मी कधी बघितलंच नव्हतं. बघितलं. औषधाने तेच घटतं, म्हणून त्याच्याशी ताडलेलं दुसरं वाढल्यासारखं दिसतं.

तुमची ताणलेली टेप आठवते? तुम्ही तिचे तुकडे केलेत आणि सगळे सदरे पुन्हा बेतलेत. मी आज दुसऱ्या जनुकाशी ताडते आहे. रडू वगैरे येत नाही. काहीच वाटत नाही.

आईचा गुडघा कसा आहे? जिना चढते का?

तुमची,
धाकटी

ता. क. वरचं पत्र कालचं. रात्री निकाल आला, वाढ नव्हतीच. आज सकाळी बाईंना सांगितलं. त्यांनी लेख मागे घेतला आणि मला चहा दिला.