डावा गुडघा

भंडारा
१२ ऑगस्ट २०२४

ती. आत्याबाईस,
दीपमालाचा सप्रेम जयभीम, वि. वि.

तुमच्याकडची धानाची रोवणी आटोपली असेल. चिखल्याला बाबांना आता खाणीत खाली उतरावं लागत नाही, वरचं काम मिळालं आहे, त्यामुळे आई निवांत झोपते. घरातली पहिली पदवीधर पोरगी काय काम करते, असं कोणी विचारलं की बाबा 'ऑफिसात आहे' म्हणून विषय बदलतात. ज्यांना लोक समलैंगिक किंवा तृतीयपंथी म्हणून मारतात, त्यांच्यावर हात उचलला जाण्याआधीच कोणीतरी मधे उभं राहावं, यासाठी आमची संस्था आहे, हे मी त्यांना दोनदा समजावलं. त्यांनी दोन्ही वेळा चहा मागितला.

तुमच्या घरचा फोन कैलाशदादाच्या खिशात असतो, आणि हे फक्त तुमच्यासाठी आहे, म्हणून हे पत्र. तुमच्या शेजारचा, परसरामकाकांचा अंकुश आमच्याकडे येऊन गेला. त्याला मुली नाही, मुलगे आवडतात. गावात त्याने कोणाला सांगितलेलं नाही, पण त्याच्या चालण्याबोलण्यावरून लोकांनी ठरवून टाकलं आहे. पवनीच्या शिलाई दुकानातून तो संध्याकाळच्या बसने येतो, तेव्हा नाल्यावरच्या रपट्याच्या ठेंगण्या पुलावर बसणारी पोरं त्याला अडवतात. मागच्या महिन्यात त्याचा शर्ट फाडला.

आमच्या कामात 'सोबत' नावाची एक रीत आहे. गावातली एखादी मोठी बाई रोज बरोबर चालते. कोणाच्या मोठीआईसमोर हात उगारायला पोरं कचरतात. पण अंकुश म्हणाला, मी काय उभं धान आहे, माझ्यावर राखण बसवायले? त्याचा मान राखून, त्याला न कळू देता हे तुम्ही कराल का? मला दुसरं नाव सुचत नाही.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची
दीपमाला


कोंढा
२८ ऑगस्ट २०२४

चि. दीपमाला हिस आत्याबाईचा जयभीम आणि मनापासून आशीर्वाद.

तुझा तो समलैंगिक शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला, पण माझ्या जिभेवर बसत नाही. मी 'आपला अंकुश' म्हणते. चालते ना तुमच्या ऑफिसात?

काम सुरू केलं. मी सायंकाळी फाट्यावर जाऊन गुडघा धरून बसते. बस आली का म्हणते, अंकुश, पाय उचलत नाही बाबा, हात दे. तो पिशवी खांद्यावर टाकते अन् मले धरून आणते. उजवा गुडघा ठरवला आहे. काहीतरी एक पक्कं पाहिजे, नाहीतर मी आज एक अन् उद्या दुसरा दुखवून ठेवीन.

रपट्यावर पोट्टे असतातच. भैय्याजीचा वीरेंद्र त्याईचा म्होरक्या. मी त्याच्यासमोरच थांबते, विचारते, तुझी आई बरी आहे ना, तिले सांग उद्या येते म्हणून. मंग तो पाय खाली घेते अन् दुसरीकडं पाहते. अंकुशच्या गप्पा तर संपतच नाहीत. कोणत्या बाईनं ब्लाउजचा गळा केवढा सांगितला अन् सासू पाहून केवढा केला, हे ऐकून मी लंगडायचंच विसरून जाते. मले म्हणते, मोठीआई, तुम्ही आता म्हाताऱ्या झाल्या. माझा कैलाश म्हणते, लोक हसून राहिले, दुसऱ्या कोणाचा हात धर. मी म्हटलं, गुडघा माझा आहे, हात कोणाचा धरायचा ते मी पाहीन.

साकोलीकडचा एक मास्तर पोरगा आहे. मी फक्त सांगून ठेवते.

तुझ्यावर जीव लावून असलेली
आत्याबाई


भंडारा
१८ ऑक्टोबर २०२४

ती. आत्याबाईस सप्रेम जयभीम, वि. वि.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर खूप गर्दी होती. तुमच्यासाठी निळ्या काठाचं पांढरं लुगडं घेतलं आहे. साकोलीचा मास्तर राहू द्या.

अंकुश मागच्या आठवड्यात येऊन गेला. बऱ्याच महिन्यांनी त्याला हसताना पाहिलं. नागपूरच्या एका शिलाई दुकानाने त्याला बोलावलं होतं, राहण्याची सोयही होती. त्याने नाही म्हणून सांगितलं. मी कारण विचारलं, तर म्हणाला, मोठीआईले फाट्यावरून घरी कोण आणल?

आत्याबाई, हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, पण मनाला टोचलं. तो तुमच्या गुडघ्यासाठी गावात राहिला आहे, आणि गुडघा तर धडधाकट आहे. त्याच्या माघारी त्याची राखण करायची, हे मीच सुचवलं. आता वाटतं, त्याला खरं सांगावं आणि काय करायचं ते त्यालाच ठरवू द्यावं. कापणी झाली की मी कोंढ्याला येते, दोघी मिळून सांगू. तोवर तुम्ही काही बोलू नका, एवढं वचन द्या.

तुमच्या मायेच्या भरवशावर,
दीपमाला


कोंढा
२४ नोव्हेंबर २०२४

चि. दीपमालास जयभीम.

दवाखान्यात तू विचारलं तेव्हा सांगायचं राहिलं, म्हणून आता लिहून राहिली. परसरामनं ठाण्यात सांगितलं का पोरगा रपट्यावरून पडला. तसं नाही.

धान कापताना धुऱ्याच्या बांधावरून माझा पाय घसरला अन् गुडघा खरोखरच सुजला. अंकुशले दुकानाची सुट्टी होती. नळावर त्यानं मले लंगडताना पाहिलं. म्हणे, तुम्ही बसा, फाट्यावरच्या मेडिकलातून मलम आणतो. मी म्हटलं नको, हळद लावते. तो चप्पल घालून राहिला होता. मी म्हटलं, मंग मीही येते. तो हसला, म्हणे ज्या पायासाठी मलम आणायचं, त्याच पायानं चालत येता का? काहून जाऊ नको, हे मले सांगता येईना. तुले वचन दिलं होतं.

दिवस बुडाला तरी आला नाही, तशी मी काठी घेऊन निघाली. तो रपट्याखाली पडला होता. कानातून रक्त येऊन राहिलं होतं. वर कोणीच नव्हतं. मुठीत मलमाची ट्यूब होती, चेपलेली. ज्या कैलाशले त्याची लाज वाटे, त्यानंच त्याले उचललं अन् गाडी बोलावली. तेव्हापासून तो फोन माझ्यापुढं आणून ठेवते. पण फोनवर मले रडू येते, कागदच बरा.

आता त्याले खरं सांगू नको. मोठीआईसाठी मलम आणलं, एवढं तरी त्याच्यापाशी राहू दे. माझं नाटक होतं हे कळलं, तर त्याच्यापाशी काय उरल?

तू जेवत जा.
आत्याबाई


नागपूर
१५ जानेवारी २०२५

ती. आत्याबाईस सप्रेम जयभीम.

आज अंकुशला भेटले. तो आमच्या ओळखीच्या दोघांबरोबर एका खोलीत राहतो. तेव्हा ज्याने बोलावलं होतं, त्याच दुकानात शिवणकाम करतो. एका कानाने त्याला आता ऐकू येत नाही, म्हणून मी दुसऱ्या बाजूला बसले. तक्रारीसाठी मी पुन्हा विचारलं. गावात आई राहते, एवढंच तो म्हणाला. आमच्या संस्थेने दिलेला अर्ज ठाण्यात तसाच पडून आहे. पदवी घेताना मला वाटलं होतं, खरं काय ते नीट लिहून दिलं की पुढचं आपोआप होतं.

तुमचं ऐकलं नाही, आत्याबाई. मी त्याला सगळं सांगितलं. माझ्याच्याने राहवलं नाही.

त्याला ते पहिल्याच दिवसापासून माहीत होतं. गप्पांत रंगल्या की तुम्ही त्याचा हात सोडून चढावर त्याच्या पुढे चालायच्या, म्हणे. कोणी आपल्यासाठी रोज एवढं लंगडतं, हे त्याला मोडायचं नव्हतं. त्या चालण्यासाठीच तो गावात राहिला होता.

मग त्या दिवशी एकटा कशाला गेलास, असं मी विचारलं. त्याने हातातल्या कापडावरचा खडू पुसला.

“रोज मोठीआई उजव्या पायानं लंगडे,” तो म्हणाला. “त्या दिवशी डाव्या पायानं लंगडून राहिली होती.”

तो कोंढ्याला परत येणार नाही. तुमचा गुडघा कसा आहे, हे मात्र मला निघताना पुन्हा विचारलं.

माझ्यावर रागवा, पण लोभ तोडू नका.
दीपमाला


कोंढा
२ फेब्रुवारी २०२५

चि. दीपमालास जयभीम.

तुझ्यावर काहून रागावू? पत्र उशाखाली ठेवून आहे.

तेच मलम तळापासून पिळून लावते. गुडघ्याची सूज काही उतरत नाही. तरी सायंकाळी फाट्यावर जाते. कैलाश कारण विचारत नाही, काठी दाराशी आणून ठेवते. पवनीची बस येते, माणसं उतरतात, बस निघून जाते. मंग मी परतते.

रपट्यावर पोट्टे असतात. आता मी खरीच लंगडते, तर वीरेंद्र उठून उभा राहते. म्हणते, मोठीआई, हात द्या, घरापर्यंत सोडून देतो. मी हात देत नाही. तिथंच उभी राहते, त्याच्याकडं पाहत, तो खाली बसत नाही तोवर.

अंकुशले सांग, गुडघा बरा आहे. तो ओळखल, पण सांग.

तुम्हा दोघांची
आत्याबाई