ऊन की गार

१० जून १९२८, रविवार

पोचलो एकदाचा सोलापुरात! मावशीनं घाबरवलं होतं तेवढा काही भाजून निघालो नाही. टांगेवाल्यानं ट्रंक उचलताना आत पुस्तकं आहेत की दगड असं विचारलं. पुस्तकं म्हटलं, तर म्हणाला, एकच की. उद्यापासून हायस्कुलात शास्त्र शिकवायचं. आगटे मास्तर, बी. एस्सी.! आरशापुढं दोनदा म्हणून पाहिलं, बरं वाटतं.

खोली साखर पेठेत, माडीवर. खाली घरमालकीण वच्छलाबाई, त्यांचे धाकटे दीर मानसिंग आणि त्यांची बायकापोरं. मूळची मंगळवेढ्याकडची शेतकरी मंडळी. वच्छलाबाईंचे यजमान रावजी लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत. जिवंत आहेत की नाहीत हे सरकारलाही सांगता येत नाही. बाईंच्या कपाळावर मात्र ठसठशीत कुंकू. जेवण केराबाईंच्या खानावळीत. मावशीला हे कळलं तर ती मला पोस्टानं पंचगव्य पाठवील.

खुंटीवर एक चौकड्यांचा सदरा लटकत होता. आधीचा भाडेकरू जोतीराम, गिरणीतला कारकून, होळीच्या सुमारास विषमज्वरानं गेला. मागंपुढं कोणी नव्हतं. सदरा गरिबाला द्यायचा राहून गेला म्हणून मानसिंग ओशाळले. मी म्हटलं, राहू द्या, मला भुतांचा शेजार चालतो.

२८ जून

आज गुरुवार. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर कल्लप्पांच्या कापडाच्या पेढीवर मंडळी जमतात आणि तावातावानं भांडतात. फार आवडलं. कल्लप्पा म्हणजे कपाळभर विभूती आणि गडगडाटी हसू. माणसात अतींद्रिय शक्ती असते यावर त्यांचा गाढ विश्वास. विरुद्ध बाजूला आमचे हेडमास्तर, आणि आता मी. कल्लप्पा म्हणाले, वीज तरी कुठं दिसते? मी म्हटलं, विजेचा धक्का तुम्हालाही बसतो आणि हेडमास्तरांनाही बसतो, श्रद्धा विचारून बसत नाही. तुमची शक्ती तशी दाखवा. टाळ्या पडल्या. टाळ्या मला फार आवडतात, हे इथं कबूल करायला हरकत नाही.

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे नागव्वा, अक्कलकोटकडची म्हातारी, दारोदार कडक भाकरी विकते. माणसाचं अंगावरचं कापड तिच्या हातात दिलं की ते ऊन आहे की गार एवढंच सांगते. ऊन म्हणजे माणूस हयात. गार म्हणजे गेला. ज्यांचे नवरे लढाईत नाहीतर मुंबईत हरवले अशा बाया तिच्याकडे जातात आणि ती सांगेल तसं कुंकू ठेवतात किंवा पुसतात.

१५ जुलै

वच्छलाबाई रावजींचा पटका घेऊन नागव्वाकडे निघाल्या, मीही मागोमाग गेलो. म्हातारी भलती खाष्ट. आधी माझ्याकडून तंबाखू उकळली, मग ती वाईट निघाली म्हणून शिव्या घातल्या. पटका मात्र तिनं दोन्ही हातांत घेऊन नीट चाचपला. मग म्हणाली, "ऊन हाय की गं. तव्यावरच्या भाकरीवानी."

वच्छलाबाईंनी तिथंच नवं कुंकू लावलं. त्यांचा चेहरा बघवेना इतका उजळला होता.

घरी मानसिंग माझ्याशी बोलले. भला माणूस. त्यांचं म्हणणं, बारा वर्षं झाली. भाऊ गेला असेल तर त्याला पितरांत घास नाही, पाणी नाही, तो कुठं तिष्ठत असेल? दर्भाचा पुतळा करून क्रियाकर्म उरकावं असं भटजी सांगतात. पण नागव्वा ऊन म्हणते तोवर वहिनी हात जोडून नको म्हणतात. मला बाईंची दया आली आणि रागही आला. एका बाईचं सगळं आयुष्य एका भाकरीवालीच्या जिभेवर टांगलेलं! हे तपासलंच पाहिजे.

९ ऑगस्ट

परीक्षेची योजना मंडळानं मान्य केली. पाच जणांनी पाच गोणपाटी पिशव्यांत एकेक वापरलेलं कापड आणायचं. कापड कुणाला दिसणार नाही, नागव्वा फक्त हात आत घालील. ज्यानं आणलं तो तेवढा वेळ बाहेर उभा राहील, म्हणजे चेहरा वाचायला नको. तिनं सांगितलं की त्यानं आत येऊन कापड कुणाचं ते सांगायचं. मंडळातली सगळी सभ्य माणसं, तेव्हा शब्दावर भरवसा. हेडमास्तर म्हणाले, बिनतोड. पाचवी पिशवी माझी. तिच्यात जोतीरामचा सदरा घालतो. ओळखणार कशी?

१६ ऑगस्ट

पेढी गच्च भरली होती. आतल्या पडद्याआड बायका, त्यांत वच्छलाबाई.

चार पिशव्या झाल्या. चारही बरोबर. कल्लप्पा लहान मुलासारखे मांड्यांवर थापा मारत होते. हेडमास्तरांचा चेहरा उतरला. माझ्या पिशवीत हात घालून नागव्वा म्हणाली, "गार. लई गार." हे मला बाहेर ऐकू आलं. मला आत बोलावलं. कल्लप्पांनी विचारलं, मास्तर, कुणाचं कापड?

मी म्हटलं, माझं. माझाच सदरा. कालच अंगातून काढला.

असा हशा उसळला की रस्त्यावरची माणसं डोकावली. मेलेले मास्तर चालतात बोलतात! हेडमास्तरांनी मला मिठीच मारली. नागव्वा हसली नाही. म्हणाली, "त्यो तुमचा न्हाय. मेल्याल्या मान्साचं कापड आपलं म्हनू ने, मास्तर. माजं न्हाय म्हना. आत्ताच म्हना." कल्लप्पांनीच तिला गप्प केलं, बिचारे शरमेनं लाल झाले होते. मी पुन्हा म्हणालो, माझाच.

पडद्यामागून वच्छलाबाई उठून गेल्या.

मी हे का केलं? ती खोटी आहे असं वाटलं म्हणून नाही. ती खरी निघत होती म्हणून. मी पुरावा मागितला, तो हातात पडला, आणि तो मी दाबला. टाळ्या पडल्याच. लाज वाटते. लिहितानाही कान तापताहेत.

१९ ऑगस्ट

नागव्वाच्या भाकऱ्या लोक घेईनासे झाले. आमच्या गल्लीत कुणीतरी तिची टोपली उलटी केली. मी माडीवरून पाहिलं आणि खिडकी लावली.

वच्छलाबाई मानसिंगना म्हणाल्या, "मास्तर शिकल्याली मान्सं. त्यास्नी खोटं बोलून काय मिळायचंय? करा भावजी, काय करायचं ते." जिन्यात उभं राहून मी हे ऐकलं. सर्वपित्री अमावास्या ठरली. त्या दिवशी पुतळ्याला अग्नी देतील, बाईंच्या बांगड्या फोडतील, कुंकू पुसतील. आणि पटका ऊन आहे. रावजी कुठंतरी जिवंत आहेत, हे या गावात नागव्वाला आणि मला, दोघांनाच माहीत.

उद्या सांगतो. दोन वाक्यांचं तर काम आहे.

२ सप्टेंबर

सांगितलं नाही. कल्लप्पा घरी येऊन माझी माफी मागून गेले! आजवर आपण बायांना फसवण्यात भागीदार झालो म्हणाले, डोळ्यांत पाणी. त्यांना मी चहा दिला. तोंड उघडलं नाही.

माझा चहा ओठाला लावेपर्यंत गार झाला होता. दुसरा ओतला, तोही गार. त्यांच्या कपातून वाफ निघत होती.

१४ सप्टेंबर

न्हाव्यानं साबण लावला, एक गाल केला आणि उठून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. हाक मारली तर दचकला. मास्तर, तुम्ही कधी आलात, म्हणाला. हसण्यावारी नेलं. अर्धी दाढी घेऊन हसत होतो.

वर्गात मी शिरल्यावर मुलं उठत नाहीत. टेबलावर छडी आपटली की उठतात.

२४ सप्टेंबर

केराबाईंनी ओळीनं ताटं मांडली, मला वगळून. मी मागितलं तेव्हा कुठं वाढलं. वाढताना त्यांची बोटं माझ्या हाताला लागली आणि त्यांनी हात पदराला पुसला. तो चौकड्यांचा सदरा मी जाळला. जळताना जवळ उभा होतो. काही ऊब लागली नाही.

३ ऑक्टोबर

नागव्वाकडे गेलो. पाया पडलो. शिव्या देईल वाटलं होतं, तिनं दिल्याही. मग म्हणाली, "ज्येंच्यासमोर आपलं म्हन्ला, त्येंच्यासमोरच न्हाय म्हना. लोकास्नी आयकू येतंय तवर म्हना." उद्या गुरुवार. उद्याच.

४ ऑक्टोबर

पेढीवर गेलो. हेडमास्तर बाहेरगावच्या पाहुण्याला माझ्या परीक्षेची हकीकत सांगत होते. मी उभा राहिलो. सगळ्यांनी पाहिलं. हो, पाहिलं, माझा आवाज निघत होता, त्यांना ऐकू येत होतं. मी म्हणालो, यंदा परतीच्या पावसानं ओढ दिली. आणि बसलो.

काय माणूस आहे मी. एका बाईचं कुंकू एकीकडं आणि हेडमास्तरांनी आपल्याला लबाड म्हणू नये हे एकीकडं. मी हे दुसरं निवडलं. शरम शब्द आता अपुरा पडतो.

८ ऑक्टोबर

शाळेत हजेरीपटावर सही करायला गेलो. माझ्या वर्गावर दुसरे मास्तर होते. त्यांच्यासमोर छडी आपटली. कुणी —

खानावळीत ताट नाही. ओरडलो तरी नाही.

११ ऑक्टोबर, गुरुवार

सगळं सांगितलं. पेढीच्या मधोमध उभं राहून, मोठ्यानं, अगदी शब्द न् शब्द. सदरा जोतीरामचा होता, मी खोटं बोललो, म्हातारी पाचही वेळा खरी होती. कसं सुटल्यासारखं वाटलं.

कल्लप्पांनी माझ्या छातीवरून हात पुढं करून पानाचं तबक ओढलं. आणि हेडमास्तरांना विचारलं, आगटे मास्तर बऱ्याच दिवसांत दिसले नाहीत, बरे आहेत ना?

१२ ऑक्टोबर

मानसिंग खोलीत आले. माझे कपडे घडी करून गाठोडं बांधलं. गरिबाला द्यायचे म्हणाले. मी समोर. त्यांचा दंड धरला. शहारले, खिडकी लावून घेतली.

धावत नागव्वाकडे. तिनं माझ्या दिशेनं हात पुढं केला — आणि मागं घेतला. "उशीर क्येला, मास्तर." तिला तेवढं समजतं. रडत होती. मी सांगितलं, निदान तू तरी वच्छलाबाईंकडे जा. जाते म्हणाली की नाही, कळलं नाही.

१३ ऑक्टोबर, अमावास्या

अंगणात पुतळा. ऊन चढलं आहे, सगळे घामाघूम. मी थरथरतो आहे. पायरीवर बसून लिहितो, दुसरं काही करताच येत नाही.

नागव्वा आली. दारातूनच ओरडते आहे, ऊन हाय, अजून ऊन हाय, बाई, थांब. लोक तिला बाहेर ढकलतात. कल्लप्पाही. दार लावलं.

पुतळा पेटला. वच्छलाबाई पाटावर. अजून कुंकू आहे. डोळे कोरडे. मी पुढ्यात जाऊन बसलो. त्या माझ्याकडेच बघतात — नाही, माझ्यातून.

त्यांचं मनगट धरलं. सोडणार नाही. बायकांना वाटलं त्या भीतीनं गारठल्या. दोघींनी हात ओढून दगडावर ठेवला —

वच्छलाबाई, ऐका. ते जिवंत आहेत. मी खोटं बोललो, मी आगटे, तुमच्या माडीवरचा. हात काढा. एवढी एक बांगडी तरी — ऐका हो, ऐका, तो सदरा माझा नव्ह