हात न लावता पाणी

३ मार्च, सकाळी ७
आजपासून वही. प्रगतीची नोंद राहिलेली बरी. मालवणहून रिझवान प्लंबर येणार. वॉशरूमच्या बेसिनांना चार सेन्सर नळ. खाली हात धरला की पाणी, काढला की बंद. कोणी कशाला शिवायचं नाही, त्यामुळे जंतू नाहीत. फिशथाळीच्या तेलकट बोटांनी नळ बरबटणार नाहीत. पाण्याची बचत सत्तर टक्के, असं पत्रकातच छापलंय. देवबागात इतका पुढारलेला होमस्टे दुसरा नाही.

३ मार्च, संध्याकाळी
नळ बसले. टाकीला ऑटोमॅटिक पंपही घेतला. टाकी उतरली की विहिरीतून आपोआप भरते. पाण्याकडे आता बघायलाच नको. सौ. सत्यवती म्हणाली, एका बाजूक दर्या, एका बाजूक खाडी, मदी आमची बाव. जास्त उपसल्यात तर खारी होतली. तिला समजावलं की नळ बचतीचेच आहेत. स्वयंपाकघर तिचं, तंत्रज्ञान माझं.

१० मार्च
गिऱ्हाइकांना तंत्र जमत नाही. कोल्हापूरच्या एका गृहस्थांनी पिळून पिळून नळ सैल केला. चूळ भरायला ओंजळ तोंडाशी नेली की पाणी बंद. पाटी लावली : 'पिळू नये. फक्त हात दाखवावा.' एक आजोबा लांबूनच नळाला नमस्कार करून गेले. समाज घडायला वेळ लागतो.

१९ मार्च
सत्यवतीची तक्रार : रोज संध्याकाळी पंप तासभर चालता, आणि वॉशरूमात कोण नसता. म्हटलं, गिऱ्हाईक वाढलंय. ती म्हणाली, आज थाळ्या सातच गेल्या. सात माणसं जास्त स्वच्छ असतील. निर्णय : बायकोशी आकडेवारीवर वाद घालायचा नाही.

२ एप्रिल
सकाळचा चहा फुटला. दूधवाला बदलला.

५ एप्रिल
नव्या दूधवाल्याचंही दूध फुटलं. हल्ली कोणाचा भरवसा नाही. डाळ दोन तास शिजत होती, तरी टणक. सत्यवतीने विहिरीचं पाणी चाखायला लावलं. मला गोड लागलं. गोड आहे, असं जरा मोठ्याने सांगितलं.

१२ एप्रिल
कुडाळला होमस्टेवाल्यांच्या बैठकीत अर्धा तास बोललो. विषय : सेन्सर नळ आणि पाण्याची बचत. तिघांनी दुकानाचा पत्ता लिहून घेतला. सहाला घरी. वॉशरूम रिकामं आणि चारही नळ धो धो सुरू. क्षणभर वाटलं, माझं स्वागतच चाललंय.

१४ एप्रिल
रिझवान येऊन बघून गेला. म्हणाला, काका, नळांचा तोंड पश्चिमेक. सूर्य खाली इलो की उजेड सरळ सेन्सरात जाता, तेका वाटता हात आसा. म्हणजे दीड महिना रोज संध्याकाळी. साधे नळ लावूया म्हणाला. मी म्हटलं, मागे जायचं नाही. दर्याकडच्या खिडकीला झावळ्यांचा झाप बांधला. प्रश्न सुटला.

१६ एप्रिल
वाऱ्याने झाप हलतो. फटीतून उजेड येतो, जातो. नळांना वाटतं, बाहेर रांग लागलीय. ठरवलं : रोज साडेचारला नळांचा मेन स्विच बंद.

१७ एप्रिल
डोळा लागला.

१८ एप्रिल
विसरलो.

१९ एप्रिल
आठवणीने बंद केला. फ्रीजरचा निघाला. सगळी सुरमई गेली.

२८ एप्रिल
सत्यवतीने मला सोलकढी दिली. घोट घशाखाली उतरेना. ती म्हणाली, मीठ घालूक नाय हां मी. मग स्वयंपाकघराला कडी लावली. वीस वर्षांत पहिल्यांदा थाळी बंद. रडली असती तर बरं वाटलं असतं. रिझवानला बोलावून साधे नळ लावून घेतले. त्यातूनही खारंच आलं.

१ मे
पाऊस पडला की विहिरीला गोडी येते का, रिझवानला विचारलं. म्हणाला, इली तर इली, नायतर येवची नाय.

४ मे, दुपारी
शेजारची हौसाबाई कळशी घेऊन आली. ऐंशीच्या पुढची, एकटी राहते. तिची विहीर आमच्या विहिरीपासून तीस पावलांवर, जमिनीखालचं पाणी एकच. दिवसाला दोन कळश्या काढते, त्याही रहाटाने. म्हणाली, झिला, माझी बाव खारी झाली रे. लगीन होऊन इलंय तेव्हापासून कधी झाली नाय. तुमची गोडी आसा तर एक कळशी दी.
आमचीही गेली, असं सांगितलं. तिने विचारलं, कशी काय रे? मी म्हणालो, यंदा पाऊस कमी झाला. गेल्या मुसळधार पावसात तिच्या पडवीची भिंत कोसळली होती, ती मीच सावरायला गेलो होतो. तरी ती म्हणाली, होय, तसाच आसतला.
पाहुण्यांसाठी आणलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. तिला झाकण उघडेना, मी उघडून दिलं. जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, तुमच्यावर पण काय पाळी इली रे. ती गेल्यावर मला रडू आलं.
उद्या तिला खरं सांगणार, असं लिहून ठेवतो. सांगणार नाही, हे मला माहीत आहे.