आडाजवळची खोली

मी, साळूबाई शिमोन उजागरे, वय अदमासे सत्तर, राहणार मिरजगाव, तालुका कर्जत, जिल्हा अहमदनगर, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र सांगते. लिहितात दानीएल मास्तर. मला अक्षर येत नाही. लोकांनी काढून दिलेली नावं चाळीस वर्षं भांड्यांवर कोरली, एकही वाचलं नाही.

१. माझी पितळी घागर आळीतल्या दगडाबाईने नेली, ती परत मागू नये. तिच्यावर माझं नाव आहे. रोज पाणी भरताना तिला दिसू दे.

२. छिन्न्या व हातोडी नात सारा हिला. रेडिओत बसवायच्या प्लेटवर तांब्याचा पातळ पत्रा असतो, त्यातलं नको ते तांबं ती माझ्या छिन्नीने काढते: दोन बाजूंनी चिरा, वरून गरम सळई, मग चिमट्याने मधली पट्टी सोलायची. तेजाब लागत नाही, धुवायला पाणी लागत नाही.

३. आडाजवळची खोली मुलगा डेव्हिड, म्हणजे साराचा बाप, यास. पण आधी हे लिहा. तो प्लेटा तेजाबात बुडवतो. नाताळानंतर त्याने धुवण आडाच्या कडेला ओतलं. पाणी पिवळं झालं. यंदाच्या दुष्काळात आळीला तेवढाच आड. पंधरा दिवस बाया दोन मैल गेल्या, आणि मला कोणी एक शब्द बोललं नाही, ते जास्त लागलं. आता कुठे पाणी निवळलंय.

उरलेल्या तेजाबाची बरणी माझ्या खाटेखाली आहे, आणि डेव्हिड आत्ता दारात उभा आहे. म्हणतो, "आये, सारा एका प्लेटला दिस घालवती. मी आठ काढतो. आता लांब ओतीन की." लिहा मास्तर. मागच्या खेपेलाही हेच म्हणाला होता.

४. साक्षीदार दोन लागतात. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या कायद्यात साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातलं काही मिळत नाही, असं वकील म्हणाले. तेव्हा डेव्हिड, ऐक. दुसरी जागा मोकळी ठेवली आहे. खोली हवी तर आळीतल्या कोणालाही बोलावून आण, आणि खोली कशाला हवी तेही त्याला सांग. नाहीतर तूच सही कर. मग खोली साराची. बळजबरी नाही. मी पडूनच आहे, घाई तुला आहे.

उजवा अंगठा हातोडीने गुळगुळीत झालाय. उमटेल तेवढा घ्यावा.

मिरजगाव, २० मार्च १९७३

साळूबाई शिमोन उजागरे यांचा अंगठा

साक्षीदार
१. दानीएल लूकस साळवे, शिक्षक
२. डेव्हिड शिमोन उजागरे. कलम चार दोनदा वाचून सही केली.